वाचक विचारतात: पानामागे चिकटलेले हिरवे ठिपके कशाचे?

पाऊस सरला की या सदराकडे येणाऱ्या फोटोंमधे काळी पडलेली पानं फार असतात, लिंबाची, पेरूची, चिकूची, सोनचाफ्याची, आणि बहुतेकांना वाटतं की झाडाला बुरशीचा रोग लागलाय. यंदा मऊ खवले किडीवरचे प्रश्न एकत्रच घेतलेत, म्हणजे ओळख कशी करायची ते एकदा नीट सांगता येईल. औषध कुठलं हा प्रश्न सगळ्यांचा पहिला असतो, मी मात्र आधी पान उलटं करायला सांगणार आहे.

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या गच्चीत ड्रममधे कागदी लिंबू आहे. यंदा पानं वरून काळी पडली, पुसली तर बोटाला काळं लागतं. नर्सरीवाल्याने बुरशी सांगून बुरशीनाशक दिलं, ते मारलं पण काही फरक नाही. पानं चिकट लागतात आणि खोडावर मुंग्यांची रांग कायम असते. पानामागे मधल्या शिरेला लागून फिकट हिरवे चपटे ठिपके आहेत, आधी वाटलं पानाचेच असतील, पण नखाने निघतात. फोटो पाठवलाय. झाड वाचेल ना? (पुणे)

उत्तर: झाड वाचेल, ते आधी सांगते. आणि बुरशीनाशक बंद करा, कारण काळं दिसतंय ती बुरशीच आहे हे खरं असलं तरी ती पानात शिरलेली नाही, पानावर सांडलेल्या गोड चिकट्यावर ती वाढलीय. चिकटा येतोय त्या हिरव्या ठिपक्यांमधून. ते ठिपके म्हणजे जिवंत किडे आहेत, हिरवी मऊ खवले कीड, शास्त्रीय नाव कॉकस विरिडिस.

तुमचा फोटो चांगला आलाय म्हणून खात्रीने सांगता येतंय. किडा लांबट गोल, चपटा, 2-3 मिलिमीटरचा, रंग पोपटी. आता भिंग घ्या किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम करा आणि पाठीवर बघा, आत काळसर ठिपक्यांची एक वाकडी रेघ दिसते, इंग्रजी यू अक्षरासारखी, ते त्याचं आतडं आहे, कातडी पारदर्शक असल्यामुळे बाहेरून दिसतं. एका टोकाला कडेवर दोन बारीक काळे टिपके असतात, ते डोळे. ही रेघ आणि हे डोळे दिसले की दुसरी शंका घ्यायचं कारण नाही. बसायची जागाही ठरलेली, पानाच्या मागे मधली शीर धरून आणि कोवळ्या हिरव्या फांदीवर.

हलत नाही म्हणून लोकांना तो किडा वाटतच नाही. तोंडाची सोंड पानाच्या शिरेत, जिथून झाडाचा गोड अन्नरस वाहतो तिथे खुपसलेली असते आणि एकदा जागा पकडली की मादी सहसा तिथून उठत नाही. त्या रसात साखर भरपूर आणि बाकी पोषण कमी, त्यामुळे तिला रस खूप ओढावा लागतो आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबाने बाहेर पडते. तो थेंब खालच्या पानाच्या वरच्या बाजूला पडतो. म्हणून काळं होतं खालचं पान आणि किडे असतात त्याच्या वरच्या पानाच्या मागे, आणि आपण काळं पान न्याहाळत बसतो, तिथे काहीच सापडत नाही. काळ्या पानाच्या वर नेमकी कुठली फांदी येते ते शोधा, घर तिथे आहे.

या किडीत नर जवळजवळ दिसतच नाहीत, मादी नराशिवायच पिल्लं देते. अंडी तिच्या पोटाखाली राहतात आणि काही मिनिटांत ते काही तासांत फुटतात, मग बारीक पिवळट हिरवी सहा पायांची पिल्लं बाहेर पडून चालत सुटतात आणि जागा मिळाली की बसतात. त्यांच्या पूर्ण आयुष्यात सगळ्यात कच्ची वेळ हीच, अंगावर जाड कातडी आलेली नसते, आईच्या अंगाखालून बाहेर आलेली असतात, साध्या साबणाच्या पाण्यानेही मरतात. मोठी मादी तेवढ्याने मरेलच असं नाही आणि तिच्या पोटाखालच्यांपर्यंत तर फवारा पोचतच नाही. एक फवारणी करून काम संपत नाही त्याचं कारण हे.

आता काय करायचं. ड्रममधलं झाड आहे म्हणजे हातात येणारं आहे, त्यामुळे सगळ्यात जास्त काम हातानेच होईल. जास्त भरलेल्या कोवळ्या फांद्या कापा आणि पिशवीत बांधून टाका, कुंडीतच आच्छादन म्हणून टाकू नका, पिल्लं परत चढतात. उरलेल्या पानांच्या मागून ओल्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने शिरेलगत पुसा. मग एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली नीम तेल आणि 1 मिली लिक्विड साबण नीट घुसळून संध्याकाळी फवारा, तेही खालून वर, म्हणजे पानाची मागची बाजू निथळली पाहिजे. कपड्याची डिटर्जंट पावडर वापरू नका, पानं करपतात. पहिल्या वेळी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस बघा, मगच पूर्ण झाडावर. 10-12 दिवसांनी परत, आणि मग अजून एकदा, म्हणजे नंतर बाहेर आलेली पिल्लंही सापडतात.

मुंग्यांचं विसरू नका, त्यांचा बंदोबस्त केला नाही तर बाकीचं अर्धं वाया जातं. त्या चिकटा खायला येतात आणि त्या बदल्यात किड्यांची राखण करतात, किडे खाणारे ढालकिडे किंवा त्यांच्यात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या जवळ आल्या की हुसकावून लावतात. खोडाला प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, थेट सालीवर ग्रीस नको, साल खराब होते. भिंतीला टेकणारी फांदी कापा, नाहीतर मुंग्या तिकडून येतील. ड्रम विटांवर असेल तर विटांखालीही बघा.

एक विचारायचं राहिलं, युरिया किती टाकता? नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते आणि ही कीड त्याच फुटीवर वाढते. सध्या दोन महिने नत्र बंद ठेवा.

आणि फवारल्यानंतर किडे पानावर तसेच चिकटलेले दिसतील, तेव्हा घाबरून जालीम औषध आणू नका. मेलेली खवले कीड लगेच गळून पडत नाही. टाचणीने एक-दोन दाबून बघा, आतून ओला पिवळट रस आला तर जिवंत, कोरडी होऊन भुगा झाला तर मेलेली. काही किडे काळे पडलेले दिसतील आणि पाठीवर एक गोल भोक असेल, त्यातून गांधीलमाशी बाहेर पडून गेलीय, म्हणजे तुमच्या गच्चीवर निसर्गाने काम सुरू केलंय. तशी पानं तोडू नका, झाडावरच राहू द्या.

प्रश्न: ताई, आमच्या पेरूच्या पानामागे पांढरे कापसाचे पुंजके आहेत. मिलीबग समजून धुतोय, पण त्यातच एक वेगळी जात दिसते, आकाराने मोठी, अंगभर पांढरे धागे आणि चांगली भराभर चालते. हा मिलीबगचा राक्षस आहे का? दिसला की चिरडतो. (दापोली)

उत्तर: दादा, तो चिरडू नका! तो तुमचा माणूस आहे.

आधी पुंजके. तुमच्या दुसऱ्या फोटोत कापसाच्या टोकाला एक हिरवट पिवळा चपटा किडा चिकटलेला दिसतोय, कापूस त्याच्या मागून बाहेर आलाय. मिलीबगच्या, म्हणजे पिठ्या ढेकणाच्या, सगळ्या अंगावर पीठ असतं आणि कडेने मेणाचे छोटे धागे असतात, शिवाय तो डिवचला तर चालतो. तुमच्याकडे आहे ती पेरूवरची मऊ खवले कीड, पल्विनारिया सिडी, हिची मादी मोठी झाली की अंगामागे कापसाची पिशवी तयार करून त्यात अंडी घालते. चिकटा, काळी बुरशी, मुंग्या हे सगळं तसंच. म्हणजे वरच्या लिंबावरच्या किडीची बहीणच, फक्त अंडी ठेवायची पद्धत वेगळी.

आता भराभर चालणारा. तो क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी आहे, शिकार करते मिलीबगची आणि दिसते पण मिलीबगसारखीच. बागायतदार ती हमखास मारतात. ओळखायचं असं, मिलीबग आळशी आणि अळी चपळ, अळी आकारानेही मोठी आणि तिचे पांढरे धागे जाड, लोंबणारे असतात. कापसाच्या पिशवीतली अंडी हे तिचं आवडतं खाणं. पुढे तिचा जो भुंगा होतो तो काळा, डोकं आणि मागचं टोक तांबूस नारिंगी.

या भुंग्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे आणि ती आजच्या विषयाचीच आहे. कॉफीवर हीच हिरवी खवले कीड एकोणिसाव्या शतकात मोठं संकट होऊन आली होती. सिलोनमधे 1869 पासून तांबेऱ्याने कॉफीचे मळे खचत होते, त्यात ही कीड वाढली, तिथेच ग्रीन नावाच्या कीटकतज्ज्ञाने 1889 मधे तिचं शास्त्रीय वर्णन केलं. दक्षिण भारतातल्या कॉफीवरही ती होती म्हणून 1898 मधे ऑस्ट्रेलियातून क्रिप्टोलीमस मुद्दाम आणला गेला. ज्या हिरव्या किडीसाठी आणला तिच्यावर त्याचा फार उपयोग झाला नाही, पण तो इथे टिकला आणि मिलीबगवर एवढा चालला की आज आपल्या द्राक्ष बागायतदारांना तो मिलीबगसाठीच माहितीय. आणि त्याच वर्षी, 1898 मधे, जावा बेटावर कॉफीच्या खवले किडीवर वाढणाऱ्या एका बुरशीचं वर्णन झालं, ती बुरशी म्हणजे आपण कृषी केंद्रातून आणतो ते व्हर्टिसिलियम लेकॅनी. हे लेकॅनी नावच त्या किडीच्या जुन्या नावावरून, लेकॅनियमवरून आलंय. आज पिशवीवर ते नाव बदलून लेकॅनिसिलियम असंही लिहिलेलं असतं, घाबरू नका, तेच आहे.

तुमच्या कोकणाच्या हवेत ही बुरशी छान काम करते कारण तिला दमटपणा लागतो. लिटरला 5 ग्रॅम, ढगाळ दिवशी किंवा सूर्य कलल्यावर, पाऊस उघडल्यावर. तिच्या आगेमागे आठवडाभर कुठलंही बुरशीनाशक नको, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तर नकोच, कारण ही स्वतःच बुरशी आहे. लागण झाली की किड्याभोवती पांढरी झालर येते. आणि क्रिप्टोलीमसच्या अळ्या दिसतायत त्या झाडांवर रासायनिक कीटकनाशक बिलकुल मारू नका, भुंगे आधी मरतील आणि कीड नंतर दुप्पट येईल, हे मी कळकळीने सांगतेय.

प्रश्न: मॅडम, आमच्याकडे उसावर खवले कीड आहे. लिंबावरचं औषध तिला चालेल का? (सांगली)

उत्तर: नाही. नाव एकच असलं तरी जात वेगळी. उसावरची खवले कीड ही कठीण खवल्याची, मेलॅनॅस्पिस ग्लोमेराटा. ती पाचटाखाली कांड्यावर बसते, करड्या काळ्या गोल खवल्यांचा थर होतो आणि कांडं सुरकुततं.

फरक टाचणीने कळतो. कठीण खवल्याखाली टाचणी घालून उचललं तर झाकण वेगळं निघतं आणि खाली मऊ पिवळा किडा तसाच बसलेला राहतो, कारण ते झाकण त्याने मेणाचं आणि जुन्या कातींचं बनवलेलं असतं, अंगाला जोडलेलं नसतं. मऊ खवले किडीत पाठ म्हणजेच खवला, उचललं की पूर्ण किडा हातात येतो. दुसरी खूण चिकटा. कठीण खवल्याची कीड अन्नरसाच्या नळीतून पीत नाही, आजूबाजूच्या पेशींतला रस घेते, म्हणून तिच्याकडून चिकटा पडत नाही आणि मग काळी बुरशी नाही, चिकट्यासाठी येणाऱ्या मुंग्याही नाहीत. पान काळं आणि चिकट असेल तर कठीण खवले कीड डोक्यातून काढून टाका, बघायची ती मऊ खवले कीड, मिलीबग, मावा, पांढरी माशी, तुडतुडे यांच्यात.

उसाला तुम्ही बेणं बदला आणि पाचट काढा. कीड बेण्याबरोबर शेतात येते, त्यामुळे कीड असलेल्या प्लॉटचं बेणं घ्यायचंच नाही, आणि असलेल्या उसाचं खालचं पाचट काढून शेताबाहेर न्या. औषधाचं तुमच्या कृषी सहायकांना किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात कांडं दाखवून विचारा, आणि डब्यावर ऊस आणि ही कीड लिहिलेली असेल तेच घ्या.

प्रश्न: ताई, मी न्यू जर्सीत असते. कढीपत्त्याची कुंडी थंडीत घरात घेते, दरवर्षी फेब्रुवारीपर्यंत फांद्यांवर तपकिरी टिकल्या येतात आणि खालची फरशी चिकट होते. कुणी म्हणतं झाडाचा डिंक आहे. (न्यू जर्सी)

उत्तर: डिंक नाही, चिकटाच. टिकल्या चपट्या, पिवळट तपकिरी आणि वर गडद डाग असतील तर ती तपकिरी मऊ खवले कीड, कॉकस हेस्पेरिडम, हिला 1758 मधे खुद्द लिनियसने नाव दिलं, जगभर घरातल्या कुंड्यांवर असते. टिकल्या फुगीर, चकचकीत, मसुराची अर्धी डाळ फांदीला चिकटवल्यासारख्या असतील तर ती दुसरी, सायसेशिया कॉफी. ही फुगीर टिकली उलटून बघा, आत पिठासारखी फिकट गुलाबी पूड असेल, ती शेकडो अंडी आहेत, त्यामुळे कुंडीवर झटकू नका, खाली कागद धरा.

बाहेर ढालकिडे, गांधीलमाश्या, पाऊस हे सगळं असतं, तुमच्या हीटर लावलेल्या खोलीत त्यांच्यातलं कुणी नाही, म्हणून तिथे ती मोकाट सुटते. झाड आत घ्यायच्या आधी, सप्टेंबरातच, पूर्ण तपासा. आत असताना कापसाच्या बोळ्याला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकेक टिकली पुसा, मग बाथटबमधे पानं धुवा. आठवड्याने परत. कढीपत्ता तसाही छाटणी मानतो, त्यामुळे फार भरला असेल तर वसंतात बिनधास्त अर्धा छाटा, छान फुटेल.

प्रश्न: अशी कीड असलेला कढीपत्ता फोडणीत घातला तर चालतो का? (ठाणे)

उत्तर: किडे आणि चिकटा पुसून, नीट धुऊन घेतलात तर विषारी काही नाही. पण ज्या झाडाचं पान रोज पोटात जातं त्याच्यावर मुळातून शोषलं जाणारं कीटकनाशक अजिबात घालू नका, कुंडीत टाकायचे दाणेदार औषध तर नाहीच. नीम तेल मारलं तर आठवडाभर पानं तोडू नका, तशीही कडू लागतील.

प्रश्न: चिकूची कीड आटोक्यात आलीय पण पानं आणि फळं अजून काळीच आहेत, व्यापारी भाव पाडून मागतो. काळं कसं घालवायचं? आणि झाडावर हुमल्यांची घरटी आहेत ती काढू का? (सिंधुदुर्ग)

उत्तर: हुमल्यांचं, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांचं, आधी. ते इतर किडे, अळ्या खातात हे खरं, पण पानं शिवून केलेल्या घरट्यात आणि आजूबाजूला ते ही मऊ खवले कीड सांभाळतात हेही खरं. एखादं घरटं उघडून बघा, आतल्या पानांवर किडे रांगेने बसलेले दिसतील. म्हणून सगळी घरटी सरसकट जाळू नका, ज्या फांद्यांवर काळं जास्त आहे तिथली घरटी फांदीसकट कापून काढा आणि बाकीची राहू द्या. झाडांच्या फांद्या एकमेकांत गुंतल्या असतील तर तिथेही थोडी छाटणी करा, उजेड आणि वारा आत गेला की काळी बुरशी नवीन धरत नाही.

काळं घालवायला मैद्याची खळ. एक किलो मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा, मग एकूण 5 लिटर पाण्यात शिजवून पातळ खळ करा, गार झाली की फडक्याने गाळा, नाहीतर नोझल तुंबतं, आणि 20 लिटरपर्यंत पाणी वाढवून पानांच्या वरच्या बाजूने फवारा. खळ उन्हात वाळली की तिचा पापुद्रा होतो आणि बुरशीला धरून सुटून पडतो. यात औषध काही नाही, म्हणून कीड जिवंत असताना मारली तर महिन्याभरात परत काळं, तुमची आधी आटोक्यात आणलीय ते बरं केलंत. मात्र दिवस कडक उन्हाचा निवडा आणि सकाळी लवकर मारा, ढगाळ हवेत खळ ओलसर राहते, पापुद्रा सुटत नाही आणि उलट पानावर तीच चिकटून बसते.